डोहाळे पुरवणारी

यशवंतपूरच्या प्रसूतिगृहात भागुबाई नऊ वर्षं आया होती. मूल हातात आलं की काट्याच्या ताटलीत ठेवण्याआधीच ती त्याचं वजन सांगायची, आणि दोन औंसांपलीकडे सहसा चुकायची नाही. दुसरी आया यल्लव्वा तिच्याशी पानसुपारीची पैज लावायची आणि बहुतेक वेळा हरायची. पुसून, फडक्यात गुंडाळलेलं ते ऊबदार ओझं भागुबाईच्या हातात पाच-सहा मिनिटं राहायचं. मग ते आईच्या कुशीत द्यायचं. एखादी बाळंतीण तेव्हा तिच्याकडे बघून हसायची. भागुबाई घाईत असल्यासारखी लगेच वळायची.

तिची स्वतःची दोन गेली होती. एक सहाव्या महिन्यात, दुसरं पुऱ्या दिवसांचं, पण न रडलेलं. त्यानंतर काही राहिलं नाही. आता तिला पस्तिसावं लागलं होतं. नवरा मल्लाप्पा रेल्वेच्या मालधक्क्यावर मुकादम होता. त्याच्या नोकरीपायीच हे घर निपाणीहून इथं आलं होतं. मुलाचा विषय त्यानं कधी काढला नाही. त्याबद्दल ती त्याचे उपकार मानायची, आणि कधी कधी त्याच कारणासाठी त्याच्यावर चिडायची.

घरात सासू ठकुबाई होत्या. त्यांचं उभं आयुष्य निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गेलेलं. तिथं बहुतेक बायका मिश्री लावायच्या, काही जणी विडी ओढायच्या. ठकुबाई ओढणाऱ्यांतल्या. दुपारची जेवणं झाली की परसदारच्या दगडी पायरीवर पाय पसरून त्या विडी पेटवायच्या. ती पायरी तशी दोघींना पुरेल एवढी रुंद होती. बारा वर्षांत भागुबाईला त्यांनी तिथं ये, बस म्हटलं नव्हतं. तिला विडीचा वास सोसत नव्हता हे खरं. पण तो सोसतो का, हे त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

साठ साली प्रसूतिगृहात सुनंदाबाई नावाच्या नव्या डॉक्टर आल्या. बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी पुस्तकातल्यासारखं स्वच्छ, आणि वाक्य संपलं की त्याला 'बरं' अशा अर्थाचं कन्नड 'सरी' चिकटलेलं. त्यांनी परदेशी वैद्यकीय मासिकात वाचलं होतं की गरोदरपणी धूम्रपान करणाऱ्या बायकांची मुलं वजनाला कमी भरतात. आपल्याकडेही तसं आहे का ते त्यांना बघायचं होतं. त्यांनी एक वही सुरू केली. नाव, महिना, मुलाचं वजन, आणि शेवटच्या रकान्यात विडी-सिगारेट ओढते की नाही.

तो रकाना त्यांना भरता येईना. डॉक्टरांसमोर बायका जीभ चावून 'छे छे' म्हणायच्या. मग सुनंदाबाईंनी ते काम भागुबाईला दिलं. तिला मराठी येत होतं, कन्नड येत होतं, कामापुरतं तमिळही. तिनं स्वतःची रीत काढली. 'ओढतेस का' असं ती कुणालाच विचारायची नाही. जणू सगळं ठाऊकच आहे अशा आवाजात विचारायची, 'दिवसाला किती?' न ओढणारी हसायची किंवा संतापायची. ओढणारी मात्र बोटं मोजायला लागायची. मग भागुबाई वहीत लाल पेन्सिलीचा ठिपका द्यायची. खडी फोडणाऱ्या, इमारतींवर विटा वाहणाऱ्या, रेल्वे वसाहतीतली सिगारेट ओढणारी एक बाई, असे सव्वा वर्षात एकतीस ठिपके जमले.

एकसष्टच्या गणपतीच्या सुमारास सुनंदाबाईंनी सगळी बेरीज-वजाबाकी करून तिला बोलावलं. ठिपकेवाल्यांची मुलं सरासरीनं सात औंसांनी हलकी होती. दिवसांआधी झालेलीही त्यांच्यातच जास्त. भागुबाईला सरासरी हा शब्द कळला नाही, तेव्हा त्यांनी समजावलं. प्रत्येक मूल हलकं होईल असं नाही. एखादीचं सात पौंडांचंही होतं. पण शंभर जणी घेतल्या की फरक दिसतो. पोटातल्या बाळाला स्वतःचा श्वास नसतो. आईच्या रक्तातून जेवढा प्राणवायू मिळेल तेवढाच त्याचा. धुरानं त्यातला वाटा कमी होतो, वारेच्या नसा आवळतात, आणि बाळ उपाशी राहिल्यासारखं वाढतं. आईनं विडी वेळेवर सोडली तर ते बाळ वजन भरून काढत असावं, असं त्यांना वाटत होतं. म्हणून हे गरोदर बाईला जितकं लवकर सांगता येईल तितकं बरं.

भागुबाईनं मान हलवली. तिला वाटलं, मी तर कधी ओढली नाही. मग माझी का गेली? पण ते तिनं विचारलं नाही.

त्याच महिन्यात तिच्या धाकट्या जावेला, अनुसूयेला, दिवस राहिल्याचं कळलं.

अनुसूया निपाणीचीच. भागुबाईचा धाकटा दीर गुंडू कारखान्यात फिटर होता. वर्षापूर्वी लग्न करून त्यानं तिला आणलं होतं. एकोणीस वर्षांची, मोकळ्या स्वभावाची, बोलायला लागली की थांबायची नाही. लहानपणापासून आईबरोबर वखारीत गेलेली. तंबाखूच्या वासाची तिला आठवण यायची, जशी दुसऱ्या कुणाला गावच्या नदीची येते.

तिला उलट्या सुरू झाल्या आणि घराचं वळणच बदललं. गुंडू कामावरून येताना अबोलीचा गजरा आणायला लागला. मल्लाप्पा, जो स्वतःच्या बायकोला काय हवं ते कधी विचारत नसे, तो भावजयीसाठी कच्च्या कैऱ्या शोधत मल्लेश्वरमपर्यंत चालत गेला. अनुसूयेला जे खावंसं वाटेल ते करून घालण्याचं काम थोरली म्हणून भागुबाईवर आलं. दिवसभर दुसऱ्यांची मुलं तोलून ती घरी यायची आणि चुलीपुढं बसायची. अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, दिवसांत अनुसूयेला त्या दाण्यांची उसळ हवी झाली, तेव्हा चिमटीनं एकेका दाण्याची साल काढत भागुबाई तासभर बसली. शेजारी अनुसूया मांडी घालून, पोटावर हात ठेवून, लाथ कशी मारतंय ते सांगत होती.

"हात लावून बघा की, अक्का."

भागुबाईनं बोटांवरच्या साली दाखवल्या. हात खराब आहेत म्हणाली. पुढंही प्रत्येक वेळी तिचे हात काही ना काही कारणानं खराब होते.

चौथा सरता सरता अनुसूयेला विडीचे डोहाळे लागले. आधी ती नुसती सासूच्या जवळ जाऊन बसायची, धूर आला की डोळे मिटायची. ठकुबाईंच्या ते ध्यानात आलं. त्यांनी आपल्या हातातली विडी तिच्यापुढं धरली. सुनेनं सासूपुढं विडी ओढायची म्हणजे एरवी गावभर झालं असतं. पण डोहाळे सुनेचे नसतात, पोटातल्याचे असतात. ते नाही पुरवले तर मुलाचा कान फुटतो, हे ठकुबाईंच्या आईनंही सांगितलं होतं. शिवाय विडीनं पोर बारीक राहतं, सुटका सोपी होते, असंही त्या म्हणाल्या. वखारीतल्या बायकांचा तसा अनुभव होता.

त्यानंतर रोज दुपारी त्या दोघी पायरीवर बसू लागल्या. एका काडीवर दोन विड्या. ठकुबाई काडी ओढायच्या, आधी सुनेची पेटवायच्या, मग स्वतःची. वखारीतल्या गोष्टी निघायच्या, कोणता मुकादम किती चावट होता, कोणती बाई कुणाबरोबर पळाली. ठकुबाई हसायच्या. भागुबाईनं त्यांना असं पोटातून हसताना पाहिलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ती आत भांडी घासत असायची आणि दारातून दोघींच्या पाठी दिसायच्या, एक वाकलेली, एक भरलेली. दोन धूर वर जाऊन एक व्हायचे. आपल्याला जळतंय ते कशामुळे, हे तिला नीट सांगता आलं नसतं. पोट तर होतंच. पण त्या काडीचंही होतं.

"माझी वखारीतली सखीच परत आली बघ," ठकुबाई एकदा म्हणाल्या.

विड्या आणायचं कामही भागुबाईकडं आलं. प्रसूतिगृहाच्या कोपऱ्यावरच दुकान होतं. वहीत लाल ठिपके देऊन ती बाहेर पडायची आणि त्या दुकानातून विड्यांचा कट्टा घ्यायची. एकदा अर्ध्या वाटेवर ती उभी राहिली. कट्टा गटारात टाकावा आणि घरी जाऊन सगळं सांगावं, असं मनात आलं. मग आठवलं, आज सकाळी अनुसूयेनं न्हाऊन केस वाळवले तेव्हा ठकुबाई स्वतः उठून तिचा गुंता काढत होत्या. ती तशीच घरी आली. कट्टा पायरीवर ठेवला.

पाचव्या महिन्यात अनुसूयेनं तिला सरळ विचारलं. सासू झोपली होती. अनुसूया विडी विझवून आत आली आणि चुलीपाशी बसली.

"अक्का, तुमच्या दवाखान्यात काय म्हणतात? बिडीनं पोटातल्याला काय हुतंय का?"

भागुबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"डोहाळे हाईत तुझे," ती म्हणाली. "पुरवायला लागतात."

ते खोटं नव्हतं. घरातली कुणीही थोरली बाई तेच म्हणाली असती. अनुसूयेचा चेहरा मोकळा झाला. दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं म्हटल्यावर तिची उरलीसुरली शंका गेली. चार विड्यांवरून ती दिवसाला सात-आठवर गेली.

सातव्यात डोहाळजेवण झालं. गल्लीतल्या कानडी, मराठी सगळ्या बायका जमल्या. अनुसूयेला हिरवं लुगडं नेसवून पाटावर बसवलं, दंडात फुलांच्या वाक्या बांधल्या. ठकुबाईंनी कोऱ्या खणाशेजारी गमतीनं विडीचा कट्टा ठेवला आणि बायका हसून लोटपोट झाल्या. भागुबाई ओटीचं ताट घेऊन पुढं आली, तेव्हा ठकुबाईंनी तिच्या हातातून ते हळूच काढून घेतलं. जिची मुलं जगली नाहीत तिनं पहिलटकरणीची ओटी भरू नये. हे त्यांनी मोठ्यानं म्हटलं नाही, फक्त म्हणाल्या, तू आत कढई बघ. चार बायकांनी नजरा वळवल्या. अनुसूयेनं बघितलं, ओठ उघडले, आणि तेवढ्यात कुणीतरी तिच्या केसांत फूल खोवलं.

भागुबाईनं त्या दिवशी दोन शेर कडबोळी तळली. एकही करपलं नाही.

पुढच्या आठवड्यात अनुसूया नाव नोंदवायला प्रसूतिगृहात आली. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी, पण अक्का तिथं आहेत म्हणून इथंच करायचं ठरलं होतं. बाकावर सहा जणी बसल्या होत्या. भागुबाई वही घेऊन एकेकीपुढं जात होती. 'दिवसाला किती?' एक हसली, एक चिडली, एकीनं बोटं मोजली. अनुसूयेपाशी आल्यावर तिनं नाव लिहिलं, महिना लिहिला. शेवटच्या रकान्यात आडवी रेघ ओढली आणि पुढच्या बाईकडं गेली. सव्वा वर्षाहून जास्त काळ वहीत एक खोटं अक्षर नव्हतं.

सुनंदाबाईंनी तपासलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. महिन्यांच्या मानानं पोट लहान होतं. त्यांनी वही ओढून घेतली, रेघ बघितली, पुन्हा पोटाकडं बघितलं. रक्त कमी असेल म्हणाल्या. लोहाच्या गोळ्या दिल्या, दूध-अंडी सांगितली. मग भागुबाईला म्हणाल्या, "तुम्ही हात लावून बघा बरं. तुमचा अंदाज काय?"

इथं हात खराब आहेत म्हणता येईना. भागुबाईनं सात महिन्यांत पहिल्यांदा अनुसूयेच्या पोटावर तळवे ठेवले. कातडीखाली ते हललं. हातांना नऊ वर्षांची सवय होती. त्यांनी मनाला न विचारता वजन सांगितलं. दोन पौंडही नाही. असायला हवं होतं अडीचच्या पुढं.

"लहान वाटतंय," ती म्हणाली.

"घरी तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही, सरी," सुनंदाबाई म्हणाल्या आणि पुढच्या बाईला हाक मारली.

चार दिवस आपले तळवे कुठं ठेवावेत ते भागुबाईला कळेना. पीठ मळताना, धुणं पिळताना तेच हलणं हाताला लागायचं. मत्सर गेला नव्हता. अनुसूया समोरून गेली की तो पूर्वीसारखाच उठायचा. पण आता त्याच्या मध्ये ते दोन पौंडांचं काहीतरी येऊन बसलं होतं, ज्याचं कुणाशी वैर नव्हतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी अनुसूया एकटीच शेंगा फोडत बसली होती. भागुबाई तिच्यासमोर बसली आणि शेंगा न घेता बोलायला लागली. वहीचं सांगितलं, सात औंसांचं सांगितलं, रक्ताचं आणि प्राणवायूचं डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं सांगितलं. आजपासून सोड म्हणाली. शेवटचे दोन महिने बाळ जोरात वाढतं, अजून भरून निघेल.

अनुसूया ऐकत होती. मग तिनं विचारलं, "हे तुम्हाला कवा कळलं?"

"गणपतीत."

बराच वेळ अनुसूयेच्या हातात एकच शेंग होती.

"त्या दिवशी बाकावरच्या सगळ्यांना इचारलासा. मला न्हाई इचारलं. मला वाटलं, घरची म्हणून लाज राखलीसा माझी."

भागुबाईनं सांडलेली टरफलं पदरात गोळा केली.

दुसऱ्या दिवशी अनुसूयेनं गुंडूला निपाणीचं तिकीट काढायला सांगितलं. माहेरी जाते, एवढंच. कारण सांगेना. ठकुबाईंना रडू फुटलं. गुंडू गोंधळून कधी आईकडं, कधी वहिनीकडं बघत राहिला. भागुबाईला निपाणीचं ते घर माहीत होतं. एक खोली, चार माणसं ओढणारी, दाराशी तंबाखूचं बोचकं. बाळंतपणाला गावची सुईण. लहान मूल दिवसांआधी झालं, न रडलं, तर पुढं काय करायचं ते तिथं कुणाला येत नव्हतं. हे तिला जितकं ठाऊक होतं तितकं इथल्या घरात दुसऱ्या कुणाला नव्हतं.

तिनं सगळ्यांना परसात बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं. मला माहीत होतं, मी बोलले नाही, मी स्वतः विड्या आणून दिल्या. का, ते मल्लाप्पानं विचारलं. ती म्हणाली, जळत होते म्हणून. मल्लाप्पानं बायकोकडं नवं माणूस बघावं तसं बघितलं आणि तो खाली बसला.

चिडल्या त्या ठकुबाई. पण भागुबाईच्या न बोलण्यावर नाही, विडीला नाव ठेवलं म्हणून.

"मी पाच जणली बिडी ओढून. काय झालं?"

"जगली दोन, आत्ती," भागुबाई हळू म्हणाली.

ठकुबाईंच्या हातातली विडी राख होत राहिली.

"बाकीची बिडीनं गेली म्हणतीस?"

"कशानं गेली कुणाला ठाऊक. माझी दोन तर बिडीबिगर गेली. मी फकस्त वहीत काय हाय ते सांगतीया. हिचंबी जाऊ द्यायचं व्हय?"

ठकुबाईंनी विडी दगडावर चुरडली. मग अनुसूयेकडं न बघता म्हणाल्या, इथंच ऱ्हा.

अनुसूया राहिली, पण अट घालून. बाळंत होताना भागुबाई खोलीत नको. तिचा हात मुलाला लागायला नको. भागुबाईनं 'बरं' म्हटलं.

त्याच दिवशी तिनं सुनंदाबाईंनाही रेघेची गोष्ट सांगितली. त्या रागावल्या नाहीत; त्यांनी ती रेघ खोडून लाल ठिपका दिला आणि वही यल्लव्वाकडं सोपवली. यल्लव्वाला नीट विचारता यायचं नाही, बायका तिला हसून टाळायच्या. भागुबाई शेजारून जाताना ऐकायची आणि पुढं जायची.

विडी सोडणं अनुसूयेला सोपं गेलं नाही. डोकं दुखायचं, भांडी आदळायची, एकदा तिनं रडत रडत गुंडूला चावाही घेतला. ठकुबाई विडी ओढायला आता गल्लीच्या टोकाला चिंचेखाली जायच्या आणि लवकर परत यायच्या, कारण तिथं बोलायला कुणी नव्हतं. पायरी दुपारभर मोकळी असायची. ती मोकळी बघून भागुबाईला बरं वाटायचं. बरं वाटतंय हे कळलं की लाज वाटायची, आणि तरीही दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्या पायरीकडं बघून घ्यायची.

मे महिन्यात, दिवस भरायला दोन आठवडे असताना, दुपारी अनुसूयेला कळा सुरू झाल्या. भागुबाईची त्या वेळी कामाची पाळी होती. तिनं खाट लावली, पाणी उकळायला ठेवलं, ऑक्सिजनची नळी जागेवर आहे ना ते पाहिलं, सगळं यल्लव्वाला दाखवलं आणि खोलीबाहेर आली. बाहेरच्या ओट्यावर ठकुबाई बसल्या होत्या. नऊ वर्षांत भागुबाई पहिल्यांदाच नातेवाइकांच्या बाजूला बसली. इथून आतलं काही दिसत नाही, नुसते आवाज येतात, आणि कोणता आवाज कशाचा हे जिला ठाऊक असतं तिचे जास्त हाल होतात, हे तिला त्या दिवशी कळलं. सुनंदाबाईंचा आवाज आला. मग पाण्याचा. मग काहीच नाही. भागुबाई मनात मोजत होती. बारापर्यंत आली तेव्हा आतून रडणं आलं, बारीक, चिडकं, पण तुटक नाही.

थोड्या वेळानं यल्लव्वा फडक्यातलं मूल घेऊन बाहेर आली. मुलगी. चार पौंड पंधरा औंस. लहान आहे, पण दम आहे, असं डॉक्टर म्हणाल्या. विडी आधीच सोडली असती तर किती भरली असती, ते मात्र त्यांना सांगता येणार नाही म्हणाल्या. यल्लव्वानं मुलीला ज्या पद्धतीनं धरलं होतं, मान जरा जास्त मागं टाकून, ते भागुबाईला आवडलं नाही. दुसऱ्या कुणाचं मूल असतं तर ती बोलली असती.

ठकुबाईंनी हात पुढं केले. बोटं पिवळी, विडीचा वास मारणारी.

"हात धुऊन या, आत्ती," भागुबाई म्हणाली.

ठकुबाईंनी तिच्याकडं रोखून बघितलं. मग खरोखरच उठल्या आणि नळाकडं गेल्या. यल्लव्वा तेवढ्यात मूल भागुबाईकडं करत कन्नडमध्ये म्हणाली, स्वल्प धर, मला आत जायचंय. खोली आत होती, ही तर ओसरी. अट खोलीची होती. पण मुलाला हात लावायचा नाही, अशीही होती. भागुबाईनं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"आत इचारून ये."

यल्लव्वा वैतागून मूल घेऊन आत गेली. ठकुबाई ओले हात पदराला पुसत आल्या आणि ओट्यावर टेकल्या. दोघी दाराकडं बघत राहिल्या. आत अनुसूयेचा दमलेला आवाज ऐकू आला, शब्द कळले नाहीत. मग यल्लव्वा परत आली.

"आधी आत्तीला द्या म्हणाली. मग अक्काला. बसून घ्या म्हणाली."

भागुबाई आधीच बसलेली होती. तरी ती सरकून नीट बसली, पदर मांडीवर पसरला. शेजारी ठकुबाईंनी नातीला छातीशी घेतलं आणि तिच्याशी निपाणीच्या बोलीत काहीबाही बोलायला लागल्या. भागुबाई वाट बघत होती. ठकुबाईंनी पोर जरा जास्तच वेळ धरून ठेवली आहे, असं तिला वाटलं.